साचा ज्याच्या हाती

गणपतीचे दिवस. एकवीस मोदक करायचे आहेत. उकड मऊ मळून ठेवलीय, सारण तयार आहे, हात धुऊन सगळे बसलेत. पण घरातला एकुलता एक साचा शेजारच्या काकूंकडे! हरकत नाही, मोदक हातानंही वळता येतात. मोटारीचं दार मात्र हातानं वळता येत नाही.

ते जन्मतं मोदकासारखंच. पोलादी पत्रा दोन अजस्र साच्यांच्या मध्ये ठेवायचा आणि प्रेस खाली आणायचा. धाड! सपाट पत्र्याचं दार झालं. या साच्याला कारखान्यात ‘डाय’ म्हणतात. डाय घडवणं जिकिरीचं आणि महागडं काम. म्हणून कंपनी साधा हिशोब करते: डायचे मोजकेच संच ठेवायचे आणि त्यांतून निघालेला माल सगळीकडे पाठवायचा. हिशोब अगदी चोख. फक्त त्यात एक गंमत दडलेली होती, आणि १९३६च्या डिसेंबरात ती अमेरिकेतल्या कामगारांनी हेरली.

जनरल मोटर्स तेव्हा जगातली सर्वांत मोठी मोटार कंपनी. समोर युनायटेड ऑटो वर्कर्स ही जेमतेम सव्वा वर्षाची संघटना. हत्तीला मुंगी कुठे चावणार? जिथे साचे आहेत तिथे! नव्या गाड्यांच्या बॉडीचे कळीचे डाय मुख्यतः दोनच कारखान्यांत होते: एक क्लीव्हलंडला, दुसरा मिशिगनमधल्या फ्लिंट गावी. २८ डिसेंबरला क्लीव्हलंड थांबलं. ३०ला फ्लिंटमध्ये बातमी फुटली, की डाय रेल्वेच्या डब्यांत चढवले जातायत, संघटना दुबळी आहे अशा गावी न्यायला. युनियनच्या ऑफिसवर सभेच्या खुणेचा लाल दिवा लागला. सभा झाली, माणसं कारखान्यात परत गेली आणि आतच बसली.

आत का? गेटबाहेर संप केला तर मालक दुसरी माणसं आणून यंत्रं सुरू करतो. आत ठिय्या मारला तर यंत्राशेजारची जागा रिकामीच होत नाही. लाठीमार करायचा तर लाखमोलाच्या यंत्रांमधून करावा लागणार. कंपनीची मालमत्ताच कामगारांची ढाल झाली!

मोटारींसाठी बनवलेल्या सीटवर माणसं झोपली. झाडलोट, पहारा, स्वयंपाक यांच्या पाळ्या लागल्या, दारूला बंदी. ११ जानेवारीला पोलिसांनी अश्रुधूर सोडला, तर आतून दारांच्या बिजागऱ्या आणि आगीच्या पाइपाचं गारठलेलं पाणी बरसलं. त्याआधीच कोर्टाचा आदेश आला होता, कारखाना रिकामा करा. मग कुणीतरी शोधून काढलं, की आदेश देणाऱ्या न्यायाधीशांकडेच जनरल मोटर्सचे तीन हजारांहून जास्त शेअर आहेत!

आणि मग बुद्धिबळाची चाल. १ फेब्रुवारीला शेव्हरलेच्या नऊ नंबरच्या कारखान्यात गोंधळ उडवून दिला. पहारेकरी तिकडे धावले. तेवढ्यात खरं लक्ष्य, इंजिनं बनवणारा चार नंबर, कामगारांनी गुपचूप ताब्यात घेतला. बॉडी अडली होतीच, आता इंजिनही अडलं. ४४व्या दिवशी, ११ फेब्रुवारी १९३७ला, कंपनीनं संघटनेशी करार केला. १९३९मध्ये सर्वोच्च न्यायालयानं असा ठिय्या बेकायदा ठरवला खरा, पण तोवर संघटनेचे सभासद काही लाखांवर गेले होते.

कंपन्या यातून शिकल्या असतील ना? साठ वर्षांनी उलटंच दिसलं. सुटे भाग गोदामात साठवणं म्हणजे पैसा अडकवणं, म्हणून भाग हवा तेव्हाच आणायचा, अशी पद्धत रुळली. मुंबईच्या लोकलसारखी: एकामागून एक गाड्या, मध्ये श्वास घ्यायला जागा नाही. पण कुर्ल्याला ओव्हरहेड वायर तुटली की कल्याणपर्यंतचे प्रवासी ताटकळतात! मार्च १९९६मध्ये ओहायोतल्या डेटनला ब्रेक बनवणाऱ्या दोन कारखान्यांतले सुमारे ३,००० कामगार संपावर गेले, कारण ब्रेकचं काम बाहेर दिलं जात होतं. सतरा दिवसांत उत्तर अमेरिकेतले जनरल मोटर्सचे बहुतेक जुळणी कारखाने थांबले. ब्रेकविना गाडी कोण विकणार?

मात्र ही दोरी दोन्हीकडून काचते. त्या संपात लाखाहून जास्त कामगार घरी बसले, आणि त्यांच्यातल्या बहुतेकांनी संप पुकारलाच नव्हता. शिवाय प्रत्येक कारखाना म्हणजे एकुलता एक साचा नसतो. २०१३मध्ये चाकणला बजाज ऑटोच्या कामगारांनी कंपनीचे प्रत्येकी ५०० शेअर एक रुपया दरानं मागत ५० दिवस काम थांबवलं. पण बजाजचे कारखाने वाळूजला आणि पंतनगरलाही होते. संप बिनशर्त मागे घ्यावा लागला.

म्हणून १५ सप्टेंबर २०२३ची चाल इतकी देखणी वाटते. त्याच अमेरिकन संघटनेनं फोर्ड, जनरल मोटर्स आणि स्टेलँटिस या तिघांविरुद्ध एकाच वेळी संप पुकारला, पण सुमारे दीड लाख सभासदांपैकी सुरुवातीला उठवले फक्त १३,०००. का? संपकऱ्याला संघटना आठवड्याला ५०० डॉलर देत होती आणि निधीत होते सुमारे ८२.५ कोटी. सगळेच बाहेर पडले असते तर तिजोरी अडीचेक महिन्यांत रिकामी. थोडेच उठवले की पैसा पुरतो, बाकीच्यांचा पगार कंपनीच देत राहते, आणि उद्या कुठला कारखाना थांबेल हे तिला कळतच नाही! साडेसहा आठवड्यांत तिन्ही कंपन्यांशी तात्पुरते करार झाले. मूळ पगारात २०२८पर्यंत मिळून २५ टक्के वाढ.

आणि पहिल्याच आठवड्यात काय झालं ठाऊक आहे? मिसूरीतल्या वेंट्झव्हिलच्या कारखान्यात संप सुरू होताच शेजारच्या कॅन्ससमधला जनरल मोटर्सचा कारखाना बंद पडला. तिथले सुमारे २,००० कामगार संपावर नव्हतेच. ते कामावर यायला तयार होते, यंत्रंही ठीक होती. मग अडलं कशावर? वेंट्झव्हिलहून येणारा, साच्यातून दाबून काढलेला पत्रा आला नव्हता!