कसारा चढताना दम कुठे जातो?

बॉनेटखालचं विज्ञान : लेखांक ११

गंगापूर रोड, कॉलेज रोड, पाथर्डी फाटा, कुठेही फिरवा, गाडीची काही तक्रार नाही. मुंबईहून परतताना कसाऱ्याचा चढ लागतो, पुढच्या ट्रेलरला ओलांडायला तुम्ही पाय दाबता आणि गाडी झटके द्यायला लागते. मिसिंग मारते, पिकअप घेत नाही. पाय उचलला की पुन्हा शहाण्यासारखी चालते. इगतपुरीला चहाला थांबून निघालात तर नाशिकपर्यंत हूं की चूं नाही. दुसऱ्या दिवशी गॅरेजात नेली तर मिस्त्री चक्कर मारून येतो आणि म्हणतो, "गाडी तर ओके आहे साहेब." तुम्ही फारच आग्रह धरलात तर निकाल लागतो, "पंप गेला असेल. बदलून टाकू."

हा निकाल कधीकधी बरोबर असतो, आणि पंचाईत तिथेच आहे. कारण बरोबर निघाला तरी तो बहुधा अंदाजाने बरोबर निघालेला असतो. इंधनपंपाचं दुखणं मोजून कळतं, त्याला लागणारी साधनं फार महाग नाहीत, आणि तरीही आपल्याकडे पंप आधी बदलला जातो आणि मोजला जातो नंतर, तोही झटके तसेच राहिले तर.

आधी हे बघू की दुखणं चढावरच का उमटतं. उदाहरणाला ऑक्टाव्हिया आरएस घेऊ. दोषी म्हणून नव्हे, तर आपल्या भागात दिसणाऱ्या खऱ्या वेगवान गाड्यांपैकी ती एक आहे आणि तिची जुळणी शेंद्र्याला झाली, म्हणून. २०१७ साली ती आली तेव्हा तिच्या दोन लिटरच्या टर्बो पेट्रोल इंजिनाची ताकद २३० अश्वशक्ती होती. एवढं इंजिन पूर्ण जोरावर असताना ताशी साधारण ६० ते ७० लिटर पेट्रोल जाळतं, म्हणजे मिनिटाला लिटरभराहून अधिक. तेच इंजिन मायको सर्कलच्या सिग्नलला उभं असताना तासाला जेमतेम लिटरभर पितं. शहरातल्या चालीला यांच्या मधलंच, पण खालच्या टोकाजवळचं काहीतरी लागतं. पंपाची निम्मी ताकद संपली तरी शहरात त्याचा पत्ता लागत नाही तो यामुळे. साध्या हॅचबॅकमध्ये हाच पंप आणखी वर्षभर निभावला असता. स्पोर्ट्‌स कार मागते जास्त, म्हणून ती आधी बोलते.

आणि मिस्त्रीची चक्कर बहुतेक अंबड लिंक रोडपर्यंतच असते.

घाट आणि इंधनपंप यांचं वैर तसं जुनं आहे. कुर्ल्यात बनणाऱ्या फियाट ज्यांनी चालवल्या त्यांना ओला फडका आठवत असेल. त्या गाड्यांचा पंप यांत्रिक असे, आत पडदा, बाहेर इंजिनाच्या कुशीत बसवलेला. तो मागच्या टाकीतून पेट्रोल ओढून आणायचा. ओढताना नळीत दाब कमी होतो, दाब कमी झाला की पेट्रोल कमी उष्णतेलाही उकळतं, आणि त्यात एप्रिल-मेची दुपार आणि तापलेलं इंजिन. नळीत वाफ धरायची, पंप नुसती वाफ घुसळत बसायचा आणि गाडी घाटात उभी. मग पंपावर ओला फडका टाकायचा, बिड्या ओढायच्या, अर्ध्या तासाने पुन्हा सेल्फ मारायचा. पुढे इंजेक्शन आलं आणि पंप विजेवर चालणारा होऊन टाकीतच जाऊन बसला. आता तो ओढत नाही, ढकलतो. दाबाखालचं पेट्रोल सहजी उकळत नाही, त्यामुळे फडका गेला. या आठवड्याचा विषय म्हणूनच बॉनेटखाली नाही, मागच्या सीटखाली आहे. मालिकेच्या नावाला एवढी सूट द्यावी.

टाकीतला हा पंप मुठीत मावेल एवढा असतो. छोटी मोटर, तिच्या दांड्यावर काठाला बारीक दाते असलेली प्लास्टिकची चकती, तळाशी जाळी, वर एकदिशा झडप. मोटर पेट्रोलमध्ये बुडालेली असते आणि पेट्रोल तिच्या आतूनच वाहतं, तेच तिला गार ठेवतं, तेच वंगण. ठिणगीने आग का लागत नाही, हा प्रश्न हमखास विचारला जातो. पंपाच्या आत सगळं पेट्रोलच असतं, जळायला लागणारी हवाच नसते. मात्र कायम रिझर्व्हवर गाडी पळवणाऱ्यांनी ध्यानात घ्यावं की पेट्रोल कमी असलं की पंप तापतो, आणि तळाचा कचराही जाळीकडेच येतो.

चकतीची बाब किरकोळ वाटते, पण तीच मोठमोठ्या कंपन्यांना महागात पडली. डेन्सोच्या काही पंपांतल्या चकत्यांचं प्लास्टिक पेट्रोल शोषून फुगायचं, चकती आपल्या घराला घासायची आणि पंप अडायचा. त्यापायी टोयोटा आणि होंडाला जगभर लाखो गाड्या परत बोलवाव्या लागल्या. भारतात जुलै २०२० मध्ये मारुतीने वॅगन-आर आणि बलेनो मिळून १,३४,८८५ गाड्या इंधनपंपाच्या संशयावरून तपासायला बोलावल्या. म्हणून पहिलं काम फुकटचं आहे. गाडीचा चासी नंबर कंपनीच्या संकेतस्थळावर टाकून रिकॉल आहे का बघा. असेल तर काम कंपनीच्या खर्चाने होतं.

आता तपासणी. सुरुवात कानाने करा. चावी ऑन केली की मागून दोनेक सेकंद बारीक घूं ऐकू येतं. फोक्सवॅगन घराण्यातल्या बऱ्याच गाड्यांत ते ड्रायव्हरचं दार उघडताच येतं. आवाजच नसेल तर फ्यूज आणि रिले बघा. ते ठीक असूनही गाडी सुरू होत नसेल, तर एकजण सेल्फ मारत असताना दुसऱ्याने टाकीच्या तळाला रबरी हातोडीने हलके ठोके द्यायचे, ही जुनी युक्ती आहे. ठोक्यासरशी पंप चालू झाला तर मोटरचे कार्बन झिजलेत, पंप जाणारच. एवढ्यापुरता निदानाचा प्रश्न तिथेच संपतो. पण आवाज येतो म्हणजे पंप चांगला, असं मात्र नाही. घाटात दम तोडणारा पंप गॅरेजात गात असतो.

दुसरी पायरी वायरिंगची, आणि सगळ्यात जास्त चांगले पंप भंगारात जातात ते ही पायरी गाळल्यामुळे. पंपाच्या कपलरवर, पंप चालू असताना, मल्टिमीटर लावा. बॅटरीवर जेवढं व्होल्टेज दिसतं त्याहून अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त घट इथे नको. रिलेचे पॉइंट जळालेले असतात, अर्थिंगचा बोल्ट गंजलेला असतो, कपलरची पिन काळी पडलेली असते. व्होल्टेज थोडं घसरलं की पंपाचा प्रवाह त्याहून जास्त प्रमाणात घसरतो, कारण ठरलेला दाब ओलांडल्यावर उरलेल्या ताकदीतूनच प्रवाह निघतो. नवीन पंप बसवल्यावर गाडी महिनाभर बरी चालते आणि पुन्हा झटके देते, अशा गोष्टींमागे पुष्कळदा हाच अर्थिंगचा बोल्ट असतो. नव्या गाड्यांत एक अडचण आहे. तिथे पंपाला वीज तुकड्या-तुकड्याने देऊन त्याचा वेग कमीजास्त करतात, म्हणून मल्टिमीटर सरासरी आकडा दाखवून फसवतो. अशा वेळी स्कॅनरवरून पंप पूर्ण वेगाने चालवायचा हुकूम देऊन मग मोजायचं.

मग दाब. साध्या पोर्ट इंजेक्शनच्या गाडीत ३ ते ४ बार, गॅरेजच्या भाषेत ४५ ते ६० पीएसआय. गेज जोडून उभ्या गाडीवर बघाल तर तो बरोबरच दाखवेल, कारण उभ्या गाडीला लागतंच किती? गेज काचेवर टेपने चिकटवून किंवा स्कॅनर शेजारच्याच्या हातात देऊन चढाला जावं लागतं. नाशिककरांना त्यासाठी कसारा गाठायची गरज नाही, पण रस्ता मोकळा आणि थांबायला जागा असलेला हवा. समृद्धीच्या इगतपुरीजवळच्या बोगद्यात हा प्रयोग करू नये. तिथे गाडी बंद पडली तर प्रश्न पंपाचा राहत नाही. जोर दिल्यावर दाब पडत गेला तर पुरवठा अपुरा. त्याच वेळी स्कॅनरवर फ्यूएल ट्रिम वर चढताना दिसेल, म्हणजे इंजिन ओरडून आणखी पेट्रोल मागतंय. कोड बहुधा पी ०१७१ किंवा पी ००८७ येतो. कोड म्हणजे निदान नव्हे, एवढं मिस्त्रीला प्रेमाने सांगावं. पी ००८७ चा अर्थ रेलमध्ये, म्हणजे इंजेक्टरांना पेट्रोल वाटणाऱ्या नळीत, दाब कमी, इतकाच आहे. का कमी, ते शोधणं हे माणसाचं काम.

गाडी बंद केल्यावरही गेज तसंच ठेवा. काटा दोन मिनिटांत शून्यावर आला तर एकदिशा झडप गळत असेल, नाहीतर एखादा इंजेक्टर. सकाळी लांब सेल्फ मारावा लागतो तो यामुळे. चढावरच्या झटक्यांचा त्याच्याशी संबंध असेलच असं नाही, पण गॅरेजात दोन्ही तक्रारी एकाच वहीत एकाच ओळीत लिहिल्या जातात.

क्लॅम्प मीटर असेल तर पंपाचा करंट बघण्यासारखी स्वस्त परीक्षा नाही. पोर्ट इंजेक्शनचा निरोगी पंप साधारण ४ ते ८ अँपिअर घेतो. गाडीचा नेमका आकडा मॅन्युअलमध्ये मिळतो. करंट जास्त आणि पुरवठा कमी, तर पुढे फिल्टर तुंबलाय किंवा मोटर अडतेय. करंट कमी आणि पंप नेहमीपेक्षा चढ्या सुरात ओरडतोय, तर त्याला पेट्रोलच मिळत नाही, जाळी बसली असेल. पहिल्या प्रसंगी कदाचित फक्त फिल्टर, दुसऱ्यात कदाचित टाकीची सफाई.

ऑक्टाव्हिया आरएससारख्या थेट इंजेक्शनच्या गाडीत पंप दोन. टाकीतला पाच-सहा बारपर्यंत देतो, आणि इंजिनावर कॅमने चालणारा दुसरा तेच पेट्रोल दीडशे-दोनशे बारवर नेतो. चढावर दोन्ही दाब एकाच वेळी बघा. दोन्ही पडले तर गुन्हेगार मागच्या सीटखाली. मागचा स्थिर आणि रेलचा पडला, तर पुढचा पंप, त्याचा व्हॉल्व्ह किंवा सेन्सर. हे न बघता टाकी उघडणं म्हणजे निव्वळ जुगार, आणि या गाड्यांचे सुटे भाग जुगाराला परवडणारे नाहीत.

एक खोटी खूणही सांगून ठेवतो. नाशिकला रॅलीचा नाद आहे, आणि त्या मंडळींना ही ठाऊक असते. टाकी पावभर असताना लांब वळणावर जोर लावला की पेट्रोल एका कडेला सरकतं, जाळी उघडी पडते आणि इंजिन क्षणभर गप्प होतं. वळण संपलं की ठीक. हा पंपाचा दोष नाही. टाकी अर्धी भरून तेच वळण पुन्हा घ्या, झटका गेला तर पैसे वाचले.

पेट्रोलकडेही बघावं लागतं. २०२३ पासून टप्प्याटप्प्याने वीस टक्के इथेनॉलचं पेट्रोल आलं आणि आता सगळीकडे तेच आहे. इथेनॉलमध्ये ऊर्जा पेट्रोलच्या दोन-तृतीयांश, त्यामुळे तेवढ्याच ताकदीला इंधन सहा-सात टक्के जास्त लागतं. धडधाकट पंपाला त्याचं काही नाही. काठावर आलेल्या पंपाला तेवढंच निमित्त पुरतं. "ई-ट्वेंटीने पंप खाल्ला" या तक्रारीत कधी जुन्या रबराचा खरा दोष असतो, कधी पंप आधीच म्हातारा झालेला असतो. इथेनॉल पाणीही धरतं, आणि प्रमाणाबाहेर झालं की पाणी-इथेनॉल मिळून तळाशी बसतं, नेमकं जाळीपाशी. पावसाळ्यात शंका आली तर टाकीतलं थोडं पेट्रोल काचेच्या बाटलीत काढून तासभर ठेवावं. दोन थर दिसले तर पंपाला बोल लावू नका.

इतकं करून पंपच निघाला, तर बदलणं त्यामानाने सोपं, पण जिवावरचं. टाकी पावाच्या खाली आणा. पंपाचा फ्यूज काढून इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालवा, दाब उतरतो. मग बॅटरी काढा. काम उघड्यावर करा, गॅरेजच्या खड्ड्यावर कधीच नको, कारण पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते आणि खड्ड्यात साचते. फायर एक्स्टिंग्विशर हाताशी हवा, दुकानाच्या भिंतीवर नव्हे. सीट उचलल्यावर झाकणाभोवतीची धूळ आधी साफ करा, नाहीतर ती थेट टाकीत जाते आणि नव्या पंपाच्या जाळीवर बसते. लॉक रिंग सोडवायला छिन्नी-हातोडा नको, ठिणगी पडते. योग्य पान्हा नसेल तर पितळी दांडा. पंप तिरका करून काढा, तरंगणीचा हात वाकला तर पेट्रोलचं गेज आयुष्यभर खोटं बोलेल. झाकणाची जुनी रबरी रिंग पेट्रोलने फुगलेली असते आणि पुन्हा बसत नाही, नवी आधीच आणून ठेवा.

पूर्ण मॉड्यूल घ्यायचं की नुसती मोटर? मोटर स्वस्त पडते, आणि नीट बसवली तर चालते. पण आतल्या नळीच्या जागी साधी इंधननळी लावली जाते, ती बाहेरून पेट्रोलमध्ये बुडून राहण्यासाठी बनलेली नसते, काही महिन्यांत फुगून फाटते आणि दाब टाकीतल्या टाकीतच गळतो. वेगवान गाडीला मी मॉड्यूलच घालेन. बसवल्यावर चावी दोन-तीनदा ऑन-ऑफ करून दाब भरू द्या, झाकणाभोवती ओल आणि वास तपासा, मगच सीट बसवा. आणि तेच गेज, तोच स्कॅनर घेऊन पुन्हा चढाला जा. दाब स्थिर राहिला आणि ट्रिम खाली आली, तर बिल द्या.

पुढच्या आठवड्यात हे पेट्रोल जिथे पोचतं त्या इंजेक्टरकडे वळू. त्यासाठी लांब जायला नको. डिझेल इंजेक्टरचे नोझल आणि त्यांची मायक्रॉनमधली मापं हा सातपूरच्या मायकोत, म्हणजे आताच्या बॉशमध्ये, काम केलेल्या कितीतरी घरांतला जेवणाच्या ताटावरचा विषय आहे.