गळाला काय लावावे, हे पाणी सांगते

कर्जत : पावसाळा ओसरला की शनिवारी पहाटेच्या कर्जत लोकलमध्ये लांबट पिशव्या घेतलेली हौशी मंडळी दिसू लागतात. पिशवीत रॉड आणि रीळ, जोडीला रंगीबेरंगी कृत्रिम आमिषांचा डबा. संध्याकाळी यांतील अनेकजण रिकाम्या हातांनी परततात. त्याच डोहाकाठी बांबूची काठी व करवंटीत गांडुळे घेऊन बसलेल्या गावातल्या मुलाच्या दोरीला मात्र चार शिंगट्या लटकत असतात. हौशी माणूस नशिबाला बोल लावतो. चूक बहुधा आमिषाच्या निवडीत झालेली असते.

डब्यातील चकचकीत आमिषे मुळात डोळ्यांनी शिकार हेरणाऱ्या माशांसाठी बनविलेली असतात. खोल समुद्रात नौकेमागे ओढल्या जाणाऱ्या रंगीत झालरींना डॉल्फिन फिश (नावात डॉल्फिन असले तरी हा मासाच) भुलतो, कारण तेथील पाणी नितळ असते आणि हा मासा पृष्ठभागाजवळ भक्ष्याचा वेगाने पाठलाग करतो. उल्हास, पेज किंवा पाताळगंगेच्या गढूळ पाण्यात तोच डबा कुचकामी ठरतो. तेथे शिंगटीसारखा मासा वासावर आणि मिशांच्या स्पर्शावर अन्न शोधतो.

कर्जत-खालापुरातील नद्यांचे आणखी एक वैशिष्ट्य आहे. कोकणातील अनेक नद्या उन्हाळ्यात आटतात; पेज आणि पाताळगंगा मात्र वाहत्या राहतात. वळवण, लोणावळा, शिरवता या तलावांचे पाणी १९१५ पासून खोपोलीच्या, तर ठोकळवाडी धरणाचे पाणी १९२२ पासून भिवपुरीच्या वीजगृहातून खाली येते. एरवी पूर्वेकडे भीमेच्या खोऱ्यात गेले असते असे हे पाणी! जनित्रे चालू-बंद होतात तसा नदीचा प्रवाह वाढतो आणि घटतो. पाणी जोरात असताना मासे मोठ्या दगडांच्या आडोशाला थांबतात, तेव्हा जड शिसे लावून आमिष तळाशी पोहोचवावे लागते. पाणी उतरले की ते डोहात पसरतात आणि हलका गळही पुरतो.

शिंगटी आणि वाम यांच्यासाठी गांडुळाला तोड नाही. वाम दिवसा दगडांच्या कपारीत दडून राहते आणि अंधार पडल्यावर चरायला निघते, त्यामुळे तिच्यासाठी भर दुपारी बसणे व्यर्थ. गढूळ पाण्यात कोंबडीच्या आतड्यांचाही उपयोग होतो. वास उग्र असतो, पण मासेमाराला तोच हवा असतो. कटला, रोहू आणि मृगळ या तलावांत सोडल्या जाणाऱ्या माशांचे तंत्र निराळे. कटल्याचे तोंड वर वळलेले असते व तो वरच्या थरात खातो, रोहू मधल्या थरात, तर खाली वळलेल्या तोंडाचा मृगळ तळाशी. भाजलेल्या चण्याचे पीठ, शेंगदाण्याची पेंड आणि शिळा भात एकत्र मळून केलेला गोळा तिघांनाही चालतो. मात्र तो किती खोलीवर टांगायचा, यावर सारे अवलंबून असते. धरणे व तलाव बहुधा मच्छीमार सहकारी संस्थांना ठेक्याने दिलेले असतात. तेथे परवानगीशिवाय गळ टाकू नये.

कृत्रिम आमिषाला खरा न्याय मिळतो तो मरळ माशाकडून. पाणवनस्पतींच्या कडेला दबा धरून बसणारा आणि हवेतला प्राणवायू घेण्यासाठी अधूनमधून वर येणारा हा शिकारी रबरी बेडकावर तुटून पडतो. नेमकी येथेच सावधगिरी हवी. मरळ आपल्या पिलांची राखण करणारा मासा आहे. तांबूस पिलांचा थवा पाण्यावर खळबळताना दिसला, तर खाली नर-मादी असणार हे निश्चित. अशा वेळी बेडूक टाकला की हल्ला हमखास होतो, पण तो भुकेपोटी नव्हे, पिलांच्या रक्षणासाठी. पालक उचलला की उघड्यावर पडलेला थवा इतर माशांच्या पोटात जातो. एका माशाच्या मोबदल्यात आपण पुढच्या हंगामाचे शेकडो मासे घालवतो. याला कौशल्य म्हणावे, असे आम्हांस वाटत नाही.

वलगणीच्या दिवसांतही हीच गोष्ट. पहिल्या पावसात अंडी घालण्यासाठी मासे नदीतून ओढ्यांत आणि भातखाचरांत चढतात. आदिवासी वाड्यांवर या माशांची वर्षभर वाट पाहिली जाते आणि घरापुरते धरले जातात. शहरातून केवळ विरंगुळ्यासाठी येणाऱ्याने मात्र गाबोळीने पोट फुगलेली मादी परत सोडलेली बरी. त्यासाठी गळाच्या टोकाजवळचा उलटा काटा पकडीने आधीच दाबून टाकावा, म्हणजे तोंड न फाडता गळ निघतो. दोरी सैल सोडून बसल्यास मासा आमिष खोल गिळतो व मग सोडूनही वाचत नाही. म्हणून नैसर्गिक आमिष वापरताना दोरीवर बोट हवे.

पेज किंवा पाताळगंगेच्या पात्रातील खडकावर बसणाऱ्यांनी पाण्याच्या कडेला एक खुणेचा दगड ठरवून ठेवावा. आकाश निरभ्र असले, तरी वीजगृहातून पाणी सुटल्यावर पातळी झपाट्याने वाढते. खुणेचा दगड बुडू लागताच गळ गुंडाळून काठावर यावे, मग दोरीला मोठा मासा लागलेला का असेना.