ब्लॉक मिळाला की

भिगवण स्टेशनात बाजूच्या लाइनीवर पिवळं टॅम्पिंग मशीन सकाळपासून तयार उभं होतं. गँग रुळाशेजारी थांबलेली, ऑपरेटर केबिनमध्ये बसलेला, पण ब्लॉक, म्हणजे कामासाठी लाइनीवरच्या गाड्या ठरावीक वेळ थांबवण्याची परवानगी, मिळेपर्यंत चाक हलणार नव्हतं. हा मुंबई–चेन्नई मार्ग आहे, गाड्यांची रांग संपत नाही. कंट्रोलची परवानगी आली आणि सगळेच कामाला लागले.

पुण्याहून निघालेली रेल्वे 1858 साली भिगवणच्याच इंदापूर तालुक्यातल्या डिकसळपर्यंत आली. हे रूळ ज्या काळ्या मातीवर आहेत, ती पावसात फुगते आणि उन्हात भेगाळते. ती खडीत शिरली की पाण्याचा निचरा थांबतो. मग गाडीच्या प्रत्येक चाकाखाली स्लीपर दबतो, चिखल वर येतो आणि रूळ तेवढ्या जागी बसतो. वरून बघणाऱ्याला हा खड्डा सहज दिसत नाही. गाडीतल्या माणसाला मात्र हिसका जाणवतो.

अशा जागी स्लीपरखाली खडी पुन्हा घट्ट भरणं म्हणजे पॅकिंग. पूर्वी ते गँगमन बीटर नावाच्या हत्यारानं करायचे. आता मशीनचे रोलर रूळ पकडून काही मिलिमीटर उचलतात, हवा तर बाजूलाही सरकवतात. लगेच पोलादी दाते स्लीपरच्या दोन्ही अंगांनी खडीत घुसतात आणि सेकंदाला सुमारे 35 वेळा थरथरत चिमट्यासारखे मिटतात. खडी स्लीपरखाली घट्ट बसते. सीएसएम जातीचं मशीन एका वेळी दोन स्लीपर घेतं. त्याचं धड न थांबता पुढे सरकत राहतं आणि फक्त दात्यांचा गाडा थांबत थांबत चालतो. जवळ उभं राहिलं की पायाखालची जमीन थरथरते.

मशीनमागचे ट्रॅकमन बघण्यासारखे असतात. सुटलेली क्लिप हातोडीनं ठोकायची, खडी फावड्यानं ओढून स्लीपरच्या टोकांबाहेर, खांद्याला, नीट भरायची. शेजारच्या लाइनीवरून गाडी येताना शिट्टी वाजते आणि सगळे झटकन बाजूला होतात. मशीन लागायच्या आधीही काम असतंच. बारामतीच्या रेल्वे फाट्यावर उसाच्या ट्रॉल्या जातात त्या फाटकांवरचा रस्ता आधी उकरून घ्यावा लागतो, कारण रस्त्याखाली झाकलेल्या स्लीपरपर्यंत दाते पोचत नाहीत. आणि खडीच कमी असेल तर मशीन दाबणार तरी काय?

उन्हाचंही भान ठेवावं लागतं. तापलेला लांब वेल्डेड रूळ प्रसरण पावू पाहतो. अशा वेळी तो उचलला, खडी सैल केली, तर वाकडा होण्याचा धोका असतो. म्हणून रुळाचं तापमान मोजतात आणि मर्यादा ओलांडली की काम बंद.

ब्लॉकचा सगळा वेळ कामाला मिळत नाही. जागेवर पोचणं, मशीन उघडणं, शेवटी उंचीचा उतार हळूहळू जुळवून पुन्हा आवरणं, यात बराच वेळ जातो. दोन तासांच्या ब्लॉकमधला अर्धा तास कापला, तर तो प्रत्यक्ष पॅकिंगमधूनच जातो आणि राहिलेला खड्डा पुढच्या ब्लॉकपर्यंत तसाच गाड्या सोसत राहतो.

बारामती फाट्यावर गाड्या कमी, तिथे ब्लॉक मिळणं सोपं. मुख्य मार्गावर मात्र उशीर झाला की प्रवाशांची ओरड होते आणि ताण ब्लॉकवरच येतो. तेव्हा दौंड–कुर्डुवाडीच्या दरम्यान गाडी आडबाजूला थांबली आणि कारण ब्लॉकचं असेल, तर त्या माणसांना त्यांचा पुरता वेळ मिळू द्या.