राडारोड्याची खडी आणि क्यूबचा फसवा आकडा

पुनर्वापराच्या खडीवरचे दहा पेपर एका बैठकीत वाचायला घेतलेत, तर गोंधळ ठरलेला. एक सांगतो, नैसर्गिक खडी पूर्ण बदलली की २८ दिवसांची स्ट्रेंथ वीसेक टक्क्यांनी उतरते. दुसरा सांगतो, फरक जवळपास नाहीच. दोघंही खोटं बोलत नसतात. पुष्कळदा घोळ पाण्यात असतो. म्हणून या विषयावर काम करायचं असेल, तर पहिला क्यूब भरण्याआधी पाण्याचा हिशोब मांडा.

जुना स्लॅब फोडून क्रशरमधून काढला की हातात येते ती निव्वळ खडी नसते. दगडाला जुन्या सिमेंट-वाळूच्या मसाल्याचा थर चिकटलेला असतो, आणि तो सच्छिद्र असतो. आपल्याकडचा चांगला काळा बेसाल्ट वजनाच्या साधारण १ टक्का पाणी शोषतो. ही खडी ४ ते ८ टक्के सहज पिते.

आता आकडे घालून बघा. एक घनमीटर काँक्रीटमध्ये समजा ३५० किलो सिमेंट आणि १७५ लिटर पाणी, म्हणजे पाणी-सिमेंट गुणोत्तर ०.५०. भरड खडी १००० किलो, पूर्ण कोरडी. बेसाल्टने १० लिटर ओढले तर सिमेंटसाठी १६५ उरले, गुणोत्तर ०.४७. पुनर्वापराच्या खडीने ५ टक्क्यांनी ५० लिटर ओढले तर उरले १२५, गुणोत्तर ०.३६! (मिक्सर फिरतोय तेवढ्या वेळात सगळं शोषलं जात नाही, पण कल तोच.) कमी गुणोत्तरामुळे स्ट्रेंथ वर जाते, कमकुवत खडीमुळे खाली. दोन्ही एकमेकांना खाऊन टाकतात आणि तुम्ही लिहिता, ‘लक्षणीय फरक आढळला नाही’. स्लंप मात्र पार गेलेला असतो. साइटवर असा घट्ट माल आला की कुणीतरी बादलीभर पाणी ओततंच, मग तुमचा निष्कर्ष तिथे काय कामाचा?

उलटंही होतं. खडी रात्रभर भिजवून तशीच निथळती टाकली, तर पृष्ठभागावरचं पाणी मिश्रणात जातं आणि त्याचं खापर खडीवर फुटतं.

म्हणून खडी आतून भरलेली, बाहेरून कोरडी अशा अवस्थेत घ्या, किंवा ओलावा मोजून पाणी दुरुस्त करा. काय केलं ते प्रबंधात स्पष्ट लिहा. दुसऱ्याचा पेपर वाचतानाही आधी हाच परिच्छेद शोधा. सापडला नाही, तर त्यातला स्ट्रेंथचा तक्ता मी तरी तुलनेला घेत नाही.

मिसळण्याच्या क्रमानेही फरक पडतो. व्हिव्हियन टॅम आणि सहकाऱ्यांनी २००५ मध्ये मांडलेल्या पद्धतीत वाळू-खडीला आधी निम्मं पाणी, मग सिमेंट, मग उरलेलं पाणी देतात. सुरुवातीची दाट पेस्ट जुन्या मसाल्यातली छिद्रं आणि चिरा भरते.

ग्रेडचं काय? एम२० मध्ये नवी पेस्टच फार मजबूत नसते, त्यामुळे जुना थर दरवेळी सर्वांत कच्चा दुवा ठरेलच असं नाही. एम६० मध्ये मात्र तो चटकन उघडा पडतो. आयएस ३८३ (२०१६) सळईच्या काँक्रीटमध्ये ही भरड खडी २० टक्क्यांपर्यंत आणि फक्त एम२५ पर्यंत चालवते. बिनसळईच्या काँक्रीटला २५ टक्के, लीन काँक्रीटला १०० टक्के.

आणखी एक. नुसते क्यूब फोडून थांबू नका. चिकटलेला मसाला दगडापेक्षा मऊ, म्हणून लवचिकता गुणांक सहसा स्ट्रेंथपेक्षा जास्त घसरतो. आयएस ४५६ चं ५०००√एफसीके हे सूत्र फक्त स्ट्रेंथ विचारतं, खडी कोणती ते विचारत नाही. एम२५ ला ते २५,००० एमपीए देऊन मोकळं होतं, आणि तोच आकडा धरून स्लॅबचा झोल काढला जातो. त्यामुळे त्याच दिवशी, त्याच बॅचमधून १५० बाय ३०० मिलिमीटरचे तीन सिलिंडर जास्तीचे भरा आणि गुणांक प्रत्यक्ष मोजा.