नवतारे व रूपविकारी ताऱ्यांच्या दीप्तीचे निरीक्षण : वऱ्हाडातील संधी व मर्यादा

प्रस्तावना

ताऱ्यांचे तेज कायम एकसारखे राहते, असा सर्वसाधारण समज आहे. तथापि अनेक ताऱ्यांची दीप्ती काही तासांत, दिवसांत किंवा वर्षांत कमीअधिक होत असते. अशा ताऱ्यांना रूपविकारी तारे म्हणतात. एरवी अंधूक असणारा तारा अल्पावधीत हजारो पटींनी उजळला, तर त्यास नवतारा ही संज्ञा आहे. या बदलांची नोंद वेधशाळांबरोबरच हौशी निरीक्षकही करीत आले आहेत. अमरावती व अकोला परिसरातून हे कार्य कसे करता येईल आणि त्याचे मोल काय, याचे विवेचन प्रस्तुत लेखात केले आहे.

दीप्ती का बदलते?

ताऱ्याची दीप्ती ‘प्रत’ या मापाने सांगतात. प्रतीचा अंक जितका मोठा, तितका तारा अंधूक; पाच प्रतींचा फरक म्हणजे तेजात शंभर पटींचा फरक होय. ययाती तारकासमूहातील मायावती हा तारा दर २ दिवस २० तास ४९ मिनिटांनी २.१ प्रतीवरून ३.४ प्रतीपर्यंत मंदावतो, कारण त्याचा अंधूक जोडीदार त्याच्यासमोरून जातो. वृषपर्वा समूहातील डेल्टा हा तारा मात्र स्वतःच आकुंचन-प्रसरण पावतो व सुमारे ५ दिवस ९ तासांत ३.५ ते ४.४ प्रतींमध्ये बदलतो. नवताऱ्याचे कारण याहून वेगळे आहे. श्वेत लघुतारा शेजारच्या ताऱ्याकडून हायड्रोजन ओढून घेतो. साठलेल्या थराचे तापमान व दाब मर्यादेपलीकडे गेले की अणुकेंद्रीय स्फोट होतो. श्वेत लघुतारा शाबूत राहत असल्याने हीच प्रक्रिया पुन्हा सुरू होते.

निरीक्षणाची पद्धत

दीप्तीचा अंदाज तुलनेने करतात. दिवाळीच्या सुमारास रात्री आठ वाजता वृषपर्वा समूह वऱ्हाडातून उत्तरेस चांगला वर आलेला असतो. त्यातील डेल्टाच्या जवळच झीटा (३.४ प्रत) व एप्सिलॉन (४.२ प्रत) हे तारे आहेत. डेल्टाचे तेज या दोहोंच्या बरोबर मधले वाटल्यास त्याची प्रत ३.८ अशी नोंदवावी. नोंदीत तारीख, वेळ, तुलनेसाठी घेतलेले तारे व आकाशाची स्थिती असावी. भारतीय प्रमाणवेळेतून ५ तास ३० मिनिटे वजा केली की जागतिक वेळ मिळते. खगोलशास्त्रात वापरला जाणारा जूलियन दिवस आपल्याकडे सायंकाळी साडेपाचला बदलतो. त्यामुळे येथील संपूर्ण रात्रीच्या नोंदी एकाच जूलियन दिवसात येतात. तारा दिसला नाही, ही नोंदही तितकीच उपयुक्त असते. स्फोट कोणत्या वेळेपूर्वी झालेला नव्हता, हे तीवरून ठरते.

हे काम पदवी वा मोठ्या उपकरणांवर अवलंबून नाही, हे राधागोविंद चंद्र यांच्या उदाहरणावरून स्पष्ट होते. जेसोर येथील सरकारी खजिन्यात नोकरी करणाऱ्या या निरीक्षकाने अमेरिकेतील रूपविकारी तारे निरीक्षकांच्या संघटनेकडे ३७ हजारांहून अधिक नोंदी पाठविल्या. महाराष्ट्रातील उदाहरण २००६ सालचे आहे. भुजंगधारी समूहातील आर. एस. या पुनरावर्ती नवताऱ्याचा उद्रेक १२ फेब्रुवारी रोजी जपानी हौशी निरीक्षकांनी टिपला. त्यानंतर पुणे जिल्ह्यातील खोडद येथील महाकाय मीटरतरंग रेडिओ दुर्बिणीने (जीएमआरटी) त्याचे कमी वारंवारतेचे रेडिओ उत्सर्जन प्रथमच नोंदविले.

वऱ्हाडाचे स्थान

उत्तर मुकुट समूहातील टी हा पुनरावर्ती नवतारा १८६६ व १९४६ साली उजळला होता. एरवी दहाव्या प्रतीचा हा तारा उद्रेकात दुसऱ्या प्रतीपर्यंत, म्हणजे सुमारे पंधराशे पट उजळतो. ही वाढ काही तासांत होते व साधारण आठवडाभरात तो नुसत्या डोळ्यांना दिसेनासा होतो. २०२४ मध्ये त्याचा उद्रेक अपेक्षित होता. परंतु ते वर्ष उद्रेकाविना सरले. अशा ताऱ्याबाबत निरीक्षकाचे रेखांश महत्त्वाचे ठरतात. मे महिन्यात मध्यरात्रीनंतर जपानात पहाट होऊ लागते आणि पश्चिम युरोपात संधिप्रकाश सरलेला नसतो, तेव्हा पहारा बव्हंशी आपल्याच भागाकडे असतो. अमरावतीचे अक्षांश सुमारे २०.९ अंश असल्याने हा तारा त्या वेळी खस्वस्तिकापासून केवळ पाच अंश उत्तरेस असतो. उन्हाळ्यात अंगणात वा गच्चीवर खाट टाकून झोपणाऱ्या वऱ्हाडी माणसाच्या तो जवळजवळ डोक्यावरच येतो.

मर्यादाही लक्षात घ्याव्या लागतात. उन्हाळ्यातील धूळ क्षितिजालगतचे तारे मंद करते. जुलै-ऑगस्टमध्ये हा समूह सायंकाळी उंचावर असतो. परंतु नेमके तेव्हाच पावसाळी ढग असतात. शहरांतील दिव्यांमुळे अंधूक तारे लोपतात. त्या मानाने मेळघाटातील चिखलदऱ्याचे आकाश अधिक काळे आहे.

समारोप

रूपविकारी ताऱ्याचा अभ्यास एका रात्रीच्या नव्हे, तर अनेक वर्षांच्या नोंदींवर उभा असतो. विद्यार्थी तीन वर्षांत महाविद्यालय सोडतो. एका तुकडीबरोबर निरीक्षणही थांबले, तर आलेखात खंड पडतो. न नोंदविलेली दीप्ती नंतर कोणत्याही उपकरणाने मोजता येत नाही. म्हणून निरीक्षणवही विद्यार्थ्याची नव्हे, विभागाची असावी आणि ती एका तुकडीने दुसरीच्या हाती सोपवावी. त्यासाठी लागणारा खर्च अल्प आहे. सातत्य मात्र अपरिहार्य आहे.