रेल्वेच्या ड्युट्या करत शिष्याने गुरूचा डोजो सांभाळला, पण पुढे तो त्याच्या मुलाकडे का आला नाही?

आयकिडो म्हणजे समोरच्याच्या ताकदीला ताकदीने न भिडता त्याचाच जोर वळवून त्याला खाली आणणारी जपानी युद्धकला. ती मोरिहेई उएशिबा यांनी घडवली, हे बऱ्याच जणांना माहीत असतं. इवामा हे नाव मात्र फारसं कानावर पडत नाही.

टोकियोपासून साधारण 100 किलोमीटरवर, इबाराकी प्रांतात हे शेतकऱ्यांचं गाव. उएशिबांनी इथे आधीच जमीन घेऊन ठेवली होती. 1942 साली टोकियोचा डोजो, म्हणजे आपल्या भाषेत तालीम, मुलावर सोपवून ते इवामाला आले. शेती, पूजा आणि सराव असा त्यांचा दिनक्रम सुरू झाला. गावात त्यांनी आयकी मंदिर उभारलं, शेजारी छोटा डोजो बांधला.

1945 मध्ये जपान युद्ध हरला आणि अमेरिकी अंमलाखाली युद्धकलांवर बंदी आली. अशा काळात, 1946 साली, आसपासच्याच भागातला 18 वर्षांचा मोरिहिरो साइतो नावाचा पोरगा डोजोत आला. (गुरू मोरिहेई, शिष्य मोरिहिरो. घोळ होतो, म्हणून आपण आडनावंच वापरू.)

पोटापाण्यासाठी एकेक शिष्य पांगत गेला. साइतो टिकले, आणि त्याला कारण ठरली रेल्वेची नोकरी! 24 तास ड्युटी, मग 24 तास सुट्टी. त्यामुळे दर दिवसाआड ते गुरूसमोर हजर. पहाटे आधी प्रार्थना, मग लाकडी तलवार आणि काठीचा सराव. अनेकदा शिकणारे ते एकटेच. साइतो शेतात राबायचे आणि त्यांच्या पत्नी उएशिबा पती-पत्नीची सेवा करायच्या. उएशिबांनी त्यांना घर बांधायला आपल्याच जमिनीत जागा दिली.

1969 मध्ये उएशिबा गेले. डोजो आणि मंदिर सांभाळायची जबाबदारी साइतोंवर आली. त्यांचं म्हणणं सरळ होतं: गुरूने दाखवलं तसंच शिकवायचं. टोकियोच्या मुख्यालयात शस्त्रांना नेहमीच्या वर्गांत फारसं स्थान नव्हतं. इवामात हातांचे डाव आणि शस्त्रं एकत्रच शिकवली जायची. परदेशी मुलं तिथे ‘उचिदेशी’ म्हणून मुक्कामाला यायची. झाडलोट, स्वयंपाक आणि सराव, असं सगळं करत शिकायची. शस्त्रांची प्रमाणपत्रं साइतो स्वतः द्यायचे, पण आयकिडोचे डान मिळायचे मुख्यालयाकडूनच.

आता खरी गोम इथे आहे. आयकिडोची मुख्य संस्था ‘आयकिकाई’. तिचं प्रमुखपद, म्हणजे ‘दोशू’, उएशिबा घराण्यातच बापाकडून मुलाकडे जातं. इवामाचा डोजोही याच संस्थेचा. साइतोंनी तो 30 वर्षांहून जास्त काळ चालवला, पण चालवणं वेगळं आणि मालकी वेगळी.

2002 मध्ये साइतो वारले. डोजो आयकिकाईकडेच राहिला. त्यांचे चिरंजीव हितोहिरो 2004 मध्ये बाहेर पडले आणि त्यांनी इवामातच स्वतंत्र संघटना काढली. जगभर पसरलेल्या साइतोंच्या शिष्यांपुढे प्रश्न उभा राहिला: गुरूच्या मुलासोबत जायचं की गुरूच्या गुरूच्या संस्थेसोबत? काही इकडे गेले, काही तिकडे राहिले.

इवामा गाव 2006 मध्ये कासामा शहरात विलीन झालं. जुना डोजो आता आयकिकाईची इबाराकी शाखा आहे, आणि दरवर्षी 29 एप्रिलला आयकी मंदिरात उत्सव भरतो. एखाद्या आयकिडो क्लासच्या पाटीवर ‘इवामा’ लिहिलेलं दिसलंच, तर त्यांचं डानचं प्रमाणपत्र नक्की कुठून येतं, हे आधी विचारून घ्या.