विश्लेषण : एकच विंडो, दोन कामे! संगणकाच्या पडद्यावरील ‘टॅग’ पद्धत काय आहे?

जीएसटीचे विवरणपत्र भरायचे आहे आणि त्याच दिवशी बँकेला कर्जाचा प्रस्तावही पाठवायचा आहे. पहिल्या कामासाठी ब्राउझरमधील पोर्टल आणि हिशेबाची शीट लागते. दुसऱ्यासाठी प्रस्तावाचे पत्र, ईमेल आणि पुन्हा तीच शीट. लॅपटॉपच्या छोट्या पडद्यावर या विंडो एकमेकींवर चढतात आणि हवी ती शोधण्यातच वेळ जातो. लिनक्सवरील काही विंडो मॅनेजरनी यावर ‘टॅग’चा उपाय शोधला आहे. तो कसा चालतो, हे पाहू.

विंडो मॅनेजर म्हणजे काय?

पडद्यावर कोणती विंडो कुठे, किती मोठी आणि कोणाच्या मागे दिसेल, हे ठरवणारा प्रोग्राम म्हणजे विंडो मॅनेजर. विंडोज आणि मॅकमध्ये तो आतच असतो, सहज बदलता येत नाही. लिनक्समध्ये मात्र वापरकर्त्याला आपल्या पसंतीचा विंडो मॅनेजर निवडता येतो.

व्हर्च्युअल डेस्कटॉप पुरेसे नाहीत का?

एका पडद्याचे अनेक पडदे करण्याची कल्पना जुनी आहे. झेरॉक्सच्या संशोधन केंद्रातील ऑस्टिन हेंडरसन आणि स्टुअर्ट कार्ड यांनी १९८६ मध्ये ‘रूम्स’ ही प्रणाली मांडली. प्रत्येक कामासाठी वेगळी खोली आणि एकच विंडो अनेक खोल्यांत ठेवण्याची मुभा, असे तिचे स्वरूप होते. पुढे अ‍ॅपलने २००७ मध्ये ‘स्पेसेस’ आणले, तर विंडोजमध्ये २०१५ साली विंडोज १० सोबत व्हर्च्युअल डेस्कटॉप आले. मात्र येथे विंडो एका डेस्कटॉपवर तरी असते किंवा सगळ्या डेस्कटॉपवर. ‘फक्त या दोन कामांसाठी दाखव’ असे सांगण्याची थेट सोय नाही.

मग टॅग वेगळे कसे?

जीमेलचे लेबल आठवा. फोल्डरमध्ये ठेवलेले पत्र एकाच जागी असते, पण एका ईमेलला ‘बँक’ आणि ‘कर’ अशी दोन लेबले लावता येतात. टॅगचेही तसेच आहे. विंडो ‘कुठे’ आहे याऐवजी ती ‘कोणत्या कामाची’ आहे, हे येथे नोंदवले जाते. हिशेबाच्या शीटला १ आणि २ असे दोन्ही टॅग लावले, की पहिले काम उघडा किंवा दुसरे, शीट समोर असतेच. तिची वेगळी प्रत तयार होत नाही. विंडो एकच राहते.

प्रत्यक्षात ते कसे चालते?

अ‍ॅन्सेल्म गार्बे यांचा २००६ मधील ‘डीडब्ल्यूएम’ हे याचे ठळक उदाहरण. त्यात सुरुवातीला १ ते ९ असे टॅग मिळतात. आल्ट आणि २ दाबले, की दुसऱ्या टॅगच्या विंडो दिसतात. सोबत शिफ्ट दाबले, तर समोरची विंडो दुसऱ्या टॅगवर जाते. आल्ट, कंट्रोल आणि ३ दाबल्यास चालू दृश्यात तिसऱ्या टॅगच्या विंडोही येऊन मिळतात. म्हणजे दोन कामे काही काळ एकत्र पाहता येतात. आल्ट, कंट्रोल, शिफ्ट आणि ३ दाबल्यास विंडोचा आधीचा टॅग कायम राहून तिसरा जोडला जातो.

यामागचे गणित सोपे आहे. प्रत्येक विंडोकडे नऊ बटणांची एक रांग असते, तशीच एक रांग पडद्याकडेही असते. दोन्हीकडे एक जरी बटण एकाच वेळी चालू असेल, तर विंडो दिसते. नाही तर लपते.

अडचणी कोणत्या?

पहिली अडचण सवयीची. लपलेली विंडो बंद झाली, असे नवख्याला वाटते. अशा वेळी आल्ट आणि ० दाबले, की सगळ्या विंडो समोर येतात. दुसरी, डीडब्ल्यूएममध्ये सेटिंग बदलण्यासाठी सी भाषेतील फाइलमध्ये फेरफार करून प्रोग्राम पुन्हा कंपाइल करावा लागतो. त्यातूनच २००७ मध्ये वेगळा झालेला ‘ऑसम’ यात थोडा सोपा आहे. त्याच्या सेटिंगसाठी ल्युआ भाषा वापरली जाते आणि कंपाइल करावे लागत नाही. तिसरी, डीडब्ल्यूएममध्ये दोन मॉनिटर जोडले तरी एक विंडो एका वेळी एकाच मॉनिटरवर दिसते. शिवाय प्रत्येक विंडोला सगळेच टॅग लावले, तर पुन्हा पहिल्यासारखीच गर्दी होते.

सर्वसामान्यांना याचा उपयोग काय?

लिनक्स नसले तरी यातील विचार उपयोगी पडतो. विंडोजमध्ये विंडोज आणि टॅब ही बटणे एकत्र दाबून कामागणिक वेगळा डेस्कटॉप करता येतो. दोन्ही कामांना लागणाऱ्या विंडोवर तेथेच राइट क्लिक करून ती सर्व डेस्कटॉपवर दाखवण्याचा पर्याय निवडता येतो. मॅकमध्ये डॉकमधील आयकॉनच्या पर्यायांत अशी सोय अ‍ॅपसाठी आहे. टॅगइतकी नेमकी निवड यात मिळत नाही, पण केवळ दोनच कामे हातात असतील, तर हिशेबाच्या शीटचा प्रश्न एवढ्यावर सुटतो. कामे तीन-चार झाली आणि प्रत्येकातल्या काही विंडो सामायिक असल्या, की टॅगचा खरा फायदा जाणवतो.